पदेर जंगलात येत नाही

चौदा महिन्यांनी आखातातून सुट्टीवर आलो, तेव्हा विमानतळावर माझ्या चार वर्षांच्या मुलीने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं, आणि मोबाइल उलटा करून त्याच्या पाठीमागे कोणी आहे का तेही बघून घेतलं. मग जाहीर केलं, "हे फोनातले पपा नाय. हे खूप मोठे आसत." आणि जी आजोबांच्या पाठीमागे गेली ती गेलीच.

मी तिकडे वाळवंटात लोकांचे एसी दुरुस्त करतो. दुसऱ्यांची घरं गार करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात घाम फुटला. काय काय केलं नाही मी! चॉकलेटं दिली, तर दाराच्या फटीतून हात बाहेर आला, चॉकलेट घेतलं, हात आत. बाहुली आणली, ती आजोबांच्या मांडीवर नेऊन बसवली. गोष्ट सांगायला बसलो, तर 'एक होता' एवढं म्हणेपर्यंत ती उठून परसात. एकदा चुकून केसांवरून हात फिरवला, तर माझ्या बाबांना हाक मारून म्हणते, "आजोबा, हे माका हात लायतत."

हे एक-दोन दिवस नाही, पुरते बत्तीस दिवस! चाळीस दिवसांची सुट्टी, त्यातले आठ उरले. लोक म्हणायचे, "पोरगी लाजता रे." लाजते कसली? शेजाऱ्याच्या बोक्याला मिठी मारणारी पोर ती. उघड सांगतो, मी भ्यायलो होतो. पुढच्या सुट्टीपर्यंत ही शाळेत जायला लागेल, मग मला कोण विचारतो? आयुष्यभर मी फोनातलाच राहीन असं वाटायला लागलं.

म्हणून तंबूची कल्पना काढली. मोल्याच्या राष्ट्रीय उद्यानात एक रात्र. आजोबा नाहीत, बोका नाही, दाराला फट नाही. तंबूत जाऊन जाऊन जाणार कुठे? नऊ वर्षांचा मुलगा उड्याच मारायला लागला. बायको म्हणाली, "जंगलात नुस्तें मेळतलां?" आमच्याकडे माशाशिवाय जेवण म्हणजे शिक्षा. म्हटलं, तळून घेऊया. तीही गप्प झाली. गप्प झाले नाहीत ते बाबा.

"तंबूत कित्या?" ते म्हणाले. आमच्या मांद्र्यात दर्यावर परदेशी पाहुण्यांसाठी झोपड्या आणि तंबू उभे राहतात, ते बाबा रोज बघतात. "त्यांका हयसर घरां नाय म्हणान ते तंबूत रवतत. आमका काय धाड भरली?"

"बाबा, तुम्ही घरी राहा. आम्ही चौघंच जातो."

"आणि राखणदाराक कोण सांगतलो?"

संपलं. आमच्या भागात प्रत्येक रानाला, प्रत्येक वेशीला एक राखणदार असतो, न दिसणारा. त्याच्या हद्दीत शिरायचं तर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने सांगायचं, बाबा रे, आम्ही आलोय, सांभाळून घे. आणि गाऱ्हाणं घालावं तर आमच्या बाबांनीच. ज्यांच्यापासून मुलीला सोडवायला चाललो होतो, तेच पुढच्या सीटवर बसले. मुलगी त्यांच्या मांडीवर, नारळ तिच्या मांडीवर.

वाटेत आमोण्याला सासरवाडी लागते. तिथे पाणी पिऊन निघायचं ठरलं होतं. पाणी प्यायलो आणि निघालो ते केळ्यांचा लोंगर, दोन गोधड्या आणि एक आदोळी घेऊन. खोबरं किसायची आदोळी! जंगलात! सासूबाई म्हणाल्या, "असूं दी, वेळ सांगून येता काय?" आखाती माणसाने सासूशी वाद घालू नये. घातली डिकीत.

मोल्याला तंबू लावायच्या जागेवर एक वनरक्षक उभा होता. तिशीचा, गंभीर, खाकीतला. त्याने आम्हाला पाटीसमोर उभं करून पाटी वाचून दाखवली. आरडाओरडा करू नये. प्राण्यांना खायला घालू नये. आग पेटवू नये. हॉर्न वाजवू नये. प्रत्येक ओळीनंतर आमच्याकडे बघायचा, जणू आम्ही ते करून आलोच आहोत. मुलाने विचारलं, "वाघ दिसतलो?" तो म्हणाला, "तू गप्प रवलंस तर." म्हणजे नाही.

बाबांनी एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला. मी कानात म्हटलं, हळू आवाजात घाला हां. पण गाऱ्हाणं हळू घालता येत नाही. राखणदार काय शेजारी बसलेला असतो?

"बा देवा म्हाराजा!" बाबांनी आवाज लावला. झाडावरची माकडं सरकली. "आज ही तुझी लेकरां तुझ्या रानात आयली आसत, त्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. रीतच तशी, प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांनी होकार भरायचा. आणि पाठीमागून एक दणदणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" वळून बघतो तर वनरक्षक. बिचाऱ्याच्या तोंडातून निघून गेलं होतं. आमच्याच पेडणे भागातला निघाला तो. टोपी काढून रांगेत उभाच राहिला.

बाबांना जोर चढला. "किरडू-मारडू, साप-इंचू आड येवंदी नाका रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या चेडवाक आपल्या बापाशीकडे जावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच.

"नाय म्हाराजा!" बाबांचा हात धरून मुलगी म्हणाली.

राखणदारासमोर असा विरोध कोणी केलेला आमच्या घराण्यात ऐकिवात नाही. वनरक्षक खाली बघून हसला. बायको पदरात हसली. मी हसलो, पण मला लागलं. चार वर्षांच्या पोरीचं लागून घेऊ नये, असं म्हणणाऱ्याने एकदा घेऊन बघावं. नारळ तिथे ठेवायचा नाही, माकडं खातात, असं वनरक्षक म्हणाला, म्हणून फोडून सगळ्यांनी वाटून खाल्ला. आदोळीचाही उपयोग झाला. सासूबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

दोन तंबू उभारताना माझं आणि बाबांचं दोनदा वाजलं. "हो मांडव नाय, ही मच्छरदाणी," बाबा म्हणत होते, आणि शेवटी दोऱ्या त्यांनीच ताणल्या, कारण मी लावलेला तंबू बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता. दुपारी रानातून फिरलो. मी आधीच माहिती वाचून ठेवली होती, मुलीला खांद्यावर घेऊन एकेक दाखवीन म्हणून. एक भलं मोठं शेकरू दिसलं, तांबडं, झुबकेदार शेपटीचं. "ये, खांद्यावर बस, दिसेल," म्हटलं. ती बाबांच्या खांद्यावर बसली. बाबांची सत्तरी झाली आहे, गुडघे वाजतात. पण त्यांनी तिला मैलभर नेलं, आणि मी मागून त्यांची चप्पल, केळी आणि पाण्याची बाटली घेऊन. मुलगा सगळा वेळ बोलत होता, त्यामुळे बाकी प्राणी बुद्धीने दूर राहिले.

रात्री तंबूंची वाटणी अशी झाली: एकात आजोबा, नात आणि बायको. दुसऱ्यात मी आणि मुलगा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मुलाने रात्रभर मला लाथा घातल्या, त्यातली एकही चुकली नाही.

सकाळी उजाडलं. रान नुसतं किलबिलत होतं. आम्ही सगळे उठलो, बाबांनी तोंड धुतलं, बायकोने थर्मासमधला चहा ओतला. मुलगी काही बाहेर येईना. बघतो तर गोधडीत डोळे घट्ट मिटून पडलेली, ताठ.

"उठ गो, उजाडलां," बायको म्हणाली.

"नाय उजाडूक."

"बघ तरी!"

"पदेर आयलो नाय."

इथे आमच्या घरचा कायदा सांगायला हवा. पदेर म्हणजे आमच्याकडचा पाववाला. पहाटे सायकलीला टोपली बांधून, रबरी भोंगा दाबत, पों पों करत वाड्यावाड्यांतून फिरतो. मुलं साडेचारला उठून धिंगाणा घालायची, म्हणून बायकोने नियम केला: पदेराचा भोंगा ऐकू येईपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत. पदेर आला की सकाळ. मुलाने तो नियम वर्षभरात मोडला. मुलीने धर्मासारखा पाळला. आमच्या घरात सकाळ सूर्यावर होत नाही, पदेरावर होते.

"अगो, हंय जंगल. हंय पदेर येणां नाय," तिचा भाऊ शहाणपणाने म्हणाला.

चूक केली कार्ट्याने. गोधडीतून एकदम रडणं. पदेर येणारच नाही म्हणजे सकाळ होणारच नाही, हे तिला कळलं. बायको रागावली, बाबांनी गोंजारलं, गोधडी ओढली तर ती गोधडीसकट आक्रसली. डोळे काही उघडेना. आणि त्यातच बायकोच्या लक्षात आलं, पोरगी पाय आवळून पडली होती. रात्रभरची सू धरून ठेवली होती तिने. सकाळ झाल्याशिवाय उठायचं कसं?

"तुझ्याच नियमान पोरीचो जीव घेतलंस," बाबा बायकोला म्हणाले. "तंबूत कोणी आणली तिका?" बायको माझ्यावर उलटली. दोघं माझ्याकडे बघायला लागली.

मी मूठ तोंडाला लावली. लहानपणी आम्ही वाड्यावरची पोरं असं करून आयांना फसवायचो. गाल फुगवून फुंकलं.

तंबूतलं रडणं थांबलं. मग आतून उत्तर आलं, "ती म्हस."

बाबा हसून हसून खोकायला लागले. मी पुन्हा फुंकलं. "तो पदेर नाय," आतून. आता मात्र मला इरेस पेटल्यासारखं झालं. आमच्या पदेराची एक चाल आहे, बत्तीस दिवस अंथरुणात पडून मी ती ऐकली होती: दोन लांब, तीन तोकडे. मी लांब जाऊन उभा राहिलो, वनरक्षकाच्या पाटीपाशी, आणि तिथून फुंकत आलो. पोंऽ पोंऽ, पों पों पों! हातात सायकलीचं हँडल धरल्यासारखं धरून, गुडघे वर करत, तंबूभोवती. बत्तीस दिवसांत जमलं नाही ते ह्या एका सकाळी जमलंच पाहिजे असं वाटत होतं. लाज कसली? "पोंऽ पोंऽ, पों पों पों! उंडे! कातरे पाव! कांकणां!"

आतून बारीक आवाज. "कांकणां आसत?"

कांकणं म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव. तिचा जीव की प्राण. बायकोने चहाबरोबर खायला पुडी घेतलीच होती. धावत जाऊन माझ्या हातात दिली.

"आसत! ताजी!"

तंबूची चेन वर सरकली. आधी हात बाहेर आला, सवयीप्रमाणे. मी कांकण हातावर ठेवलं नाही. थांबलो. मग डोकं बाहेर आलं, विस्कटलेलं, डोळे उघडे. सूर्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं.

"पपा," ती म्हणाली, आणि दोन्ही हात वर केले, "माका सू!"

देवा! मी तिला उचललं आणि पळालो. बाबांच्या गाऱ्हाण्याला ज्याने कान दिला असेल त्याला मी पळता पळता नमस्कार घातला. वाटेत वनरक्षक धावत समोरून आला. "हॉर्न कोणी मारलो? गाडी खंयची?" मला थांबायला वेळच नव्हता. माझ्या खांद्यावरून मुलीने सांगितलं, "पदेर आयलो हां!" आम्ही जेमतेम पोचलो. जेमतेम म्हणजे माझा शर्ट थोडा भिजला. तो शर्ट मी धुवायला टाकायला दोन दिवस लावले, बायको अजून त्यावरून बोलते.

परत आलो तर वनरक्षक चहाला बसलेला. आवाज करू नये म्हणून मला पाटी वाचून दाखवली, शिस्तीत. मग म्हणाला, "तीन म्हयने झाले, पदेर ऐकूक नाय." त्याला दोन कांकणं दिली. मुलगी माझ्या मांडीवर बसून चहात बुडवून खात होती, आणि बाबा रानाकडे तोंड करून हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा." बाबांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

उरलेले सात दिवस ती माझ्या पाठीवर होती. मग मी विमानात बसलो. विमानतळावर ती रडली, मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

आता मांद्र्यात साडेसहा वाजतात तेव्हा इथे पाच. खरा पदेर येऊन जातो, पण त्याच्या भोंग्याला ती उठत नाही. "तो खोटो," म्हणते. त्यामुळे रोज पहाटे पाचला मी खोलीबाहेरच्या जिन्यात उभा राहून फोनवर मूठ फुंकतो: दोन लांब, तीन तोकडे. खोलीतले तिघे मला भाषा-भाषांतून शिव्या देतात. त्यांतला एक केरळचा आहे, तो आता मला पदेरच म्हणतो.

परवा रात्रपाळी करून आलो आणि पडलो तो मेल्यासारखा झोपलो. पाच वाजून गेले. फोन वाजत होता, तो कसातरी कानाला लावला, आता पोरीची शाळा चुकली म्हणून बायको झाडणार असं धरून.

बायको नव्हती. पलीकडून, जरा फुसका, जरा थुंकीभरला आवाज येत होता. पोंऽ पोंऽ, पों पों पों.

"पपा, उठ," ती म्हणाली. "उजाडलां."