एका फटक्यात पडणारे

प्रमोददादा गेल्याचं मला निखिलनं फोन करून सांगितलं. मी भिलाईजवळ जामुलला शेडमध्ये वेल्डिंगच्या कामावर होतो, मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून बाहेर उन्हात आलो. "काका नहीं रहे, भाई. सकाळी अटॅक आला," एवढंच तो बोलला. आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं, तर याला माझ्या आधी कसं कळलं? तो रुआबांध्यात त्यांच्या दोन क्वार्टर पलीकडे राहतो, त्यालाच आधी कळणार. तरी आलं मनात… आता इतके आठवडे झाले, तरी गेलेलं नाही.

मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सुटली आणि कामासाठी भिलाईत आलो, तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. गेटवरच्या गार्डची, सुपरवायझरची, ऑटोत चुकीच्या जागी उतरण्याची. सिविक सेंटरला ऑटोत बसून मी घरी आईशी फोनवर बोलत होतो, तर समोरचा माणूस म्हणाला, "कोनच्या गावचा गा तू?" ते प्रमोददादा. स्टील प्लांटमध्ये मिलला कामाला, वडील भंडाऱ्याकडून आलेले. त्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं, आणि पुढचं वर्षभर मी त्यांच्या मागच्या खोलीतच राहिलो. वहिनींनी कधी "किती दिवस?" असं विचारलं नाही. हे उपकार मी कुठे ठेवू, मला कळत नाही.

दर रविवारी दुपारी त्यांच्या समोरच्या खोलीत खेळ चालायचा. कागदावर जंगल नाही तर किल्ला काढायचा, प्रत्येकानं आपापला योद्धा घेऊन त्यात शिरायचं आणि फासे टाकून लढायचं. एकजण गोष्ट सांगतो आणि सगळे शत्रू चालवतो. तो एकजण म्हणजे दादा. नियमांचं पुस्तक इंग्रजी. निखिल तेव्हा इंजिनिअरिंगला, रविवारी हॉस्टेलवरून घरी यायचा, तो भराभर वाचायचा. मला दादा आपल्या बोलीत सांगायचे. निखिलच्या वाट्याला नेहमी मोठे राक्षस, आणि माझ्यासमोर छोटे, फाटके, थरथरणारे. दादा त्यांना चिल्लर म्हणायचे. शत्रूंच्या जागी चिंचोके मांडायचे.

एकदा मी चिडलोच. "दादा, निखिलले राक्षस देता अन् मले हे चिल्लर. मी का इतका गयागुजरा हाव?"

"अबे, राक्षस बनवाले का लागते?" दादा हसले. "ताकद वाढवली, झाला राक्षस. चिल्लर बनवनं कठीन हाय. एका फटक्यात पडला पाह्यजे, अन् पडल्यावर आठवला पाह्यजे."

आणि आठवतात ते. एक कंदीलवाला होता, त्याला मारलं की बाकीचे अंधारात एकमेकांवरच आदळायचे. एक डोळे मिटूनच दगड फेकायचा. दादांचा एक नेम होता, चिल्लरला मध्येच चोरून ताकद द्यायची नाही. खेळ लवकर संपला तर संपू द्या, पण दुबळा म्हटला तर दुबळाच. तुम्हाला वाटेल यात काय विशेष. पण मला बाहेर जे जे किरकोळ वाटलं होतं, ते ते अंगावर आलं होतं. त्या टेबलावर दुबळा दुबळाच राहायचा, म्हणून मी पहिल्यांदा न घाबरता हात उचलला.

शनिवारी संध्याकाळी ते नवा चिल्लर माझ्यावर घासून पाहायचे. "चाल, मार याले." मी कुठे अडकतो, कुठे हसतो, ते बघायचे. असाच एकदा मी त्यांना साइटवरची गंमत सांगितली. आम्ही तिघं आणि हेल्मेट एक. साहेब ज्याच्याकडे बघेल त्याच्या डोक्यावर हेल्मेट फेकायचं. पुढच्याच रविवारी टेबलावर तीन भुतं आली, तिघांत एक ढाल. ज्याच्यावर वार होईल त्याच्याकडे बाकीचे ढाल सरकवायचे. मी छाती फुगवून बसलो होतो. ही माझी भुतं, माझ्यातून निघालेली, निखिलची नाहीत.

तेरवीच्या जेवणानंतर आम्ही त्याच खोलीत बसलो होतो, आणि निखिल म्हणाला, "काका दर शुक्रवारी मला हॉस्टेलवर फोन करायचे. तू कसा मारशील, विचारायचे. वो तीन ढालवाले तो मेरे ही थे. हॉस्टेलला आम्ही तिघं, कूलर एक. जो बोंबलेल त्याच्याकडे कूलर फिरवायचो. ते ऐकून काकांनी बनवले."

शुक्रवारी? म्हणजे माझ्याही आधी?

"कूलरचा का संबंध?" मी म्हणालो. "हेल्मेटवरून बनवले ते. माह्यासमोर बनवले."

"तू था क्या उस टाइम?"

"तू होता काय?"

तेरवीच्या घरात दोघं भुतांवरून भांडत होतो. वहिनी पानाचं तबक घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"कावून भांडता रे? ते तर माह्यावरून हायेत. आमी तिघी बहिनी अन् छत्री एक. ज्या बाजूनं पाऊस मारे, त्या बाजूच्या बहिनीकडे छत्री. लग्न झालं तवाच सांगतलं होतं मी ह्यायले." आणि त्या हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दादा सगळ्यांचंच ऐकायचे, एवढं खरं. मला त्यानं बरं वाटायला पाहिजे होतं… नाही वाटलं. ते एकट्या माझंच ऐकत होते, असंच मला पाहिजे होतं.

मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं, म्हणून पुन्हा बसलो. गोष्ट आता निखिल सांगतो. सांगतो चांगली, हेही मला खुपतं. ढालवाली भुतं त्यानं आणली आणि तिन्ही चिंचोके माझ्याकडे सरकवले. "ये तू चला." दादांच्या घरी शत्रू कधी दुसऱ्या कुणी चालवले नव्हते. मी चालवले. निखिलच्या योद्ध्याची तलवार डावीकडे आली की ढाल डावीकडे, उजवीकडे आली की उजवीकडे. फासा माझ्याविरुद्ध पडला तरी मी म्हणायचो, नाही लागला, ढाल होती. एकालाही पडू देईना. निखिल पुन्हा फासा टाकायचा. भुतं दुबळी आहेत, पडायलाच बनवली आहेत, हे मलाही ठाऊक होतं. हात ऐकत नव्हता.

आतून वहिनींचा आवाज आला, "पाड ना रे आता त्यायले, पोहे थंडे होऊन राहिले."

मी एक आडवा केला. मग दुसरा, मग तिसरा. निखिल फासे गोळा करू लागला. चिंचोक्यांना त्यानं हात लावला नाही, मीही लावला नाही. वहिनींनी पोह्यांच्या बश्या त्या आडव्या चिंचोक्यांच्या बाजूबाजूनं ठेवल्या.