कमरेला खोचलेला बोंबील

मी एकदा कमरेला सुका बोंबील खोचून पैठणी बघायला गेले होते. नातवंडांना हे सांगितलं की ती आधी पोट धरून हसतात आणि मग विचारतात, "पण का, आजी?" त्या 'का'चं उत्तर द्यायची मला बरीच वर्षं लाज वाटायची. आता वाटेनाशी झाली आहे. ती पन्नाशीला टेकलेली, स्वतःला फार हुशार समजणारी बाई आज रस्त्यात भेटली तर मी तिला चांगली फैलावर घेईन.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात आमची इमारत तीन मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमचे हे मनमाडला रेल्वेत. पहाटे निघायचे, दिवे लागल्यावर परतायचे. एकुलत्या एका मुलीचं लग्न त्याच वर्षी उन्हाळ्यात झालं. लग्नाच्या आदल्या वर्षी कॉलेजातून येताना तिने ओढणीत गुंडाळून मांजरीचं पिल्लू आणलं होतं. पांढरं, पाठीवर पिवळे पट्टे, एका कानावर काळा ठिपका. छानसं नाव ठेवू ठेवू म्हणता ती नुसती मनीच राहिली. सासरी निघताना लेक आम्हा दोघांच्या गळ्यात पडून रीतसर रडली. गाडीत बसल्यावर मात्र काच खाली करून तिने शेवटचं सांगितलं ते मांजरीबद्दल. "आई, तिला बाहेर सोडू नकोस हं. तिला बाहेरचं काही कळत नाही."

मी नाहीच सोडली. खिडक्यांना जाळी, गॅलरीला जाळी, दाराला आतून साखळी. इमारतीत कोणी मनीला कधी पाहिलंच नव्हतं. दुधात पोळी कुस्करून स्टीलच्या वाटीत घालायची आणि वाटीवर चमचा वाजवायचा, की ती जिथे असेल तिथून धावत यायची. दिवसभर मी तिच्याशी बोलायची. हे घरी येईपर्यंत माझं बोलून झालेलं असायचं, आणि त्याबद्दल ते मनीचे फार आभारी होते.

पुढे आली दिवाळी, आणि ती जावयाची पहिली, म्हणजे दिवाळसण. घराला रंग द्यायला हवा होता. रंगारी आले, सामान जिन्यात गेलं, दार दिवसभर सताड उघडं. मनीला मी न्हाणीघरात कोंडून ठेवलं. त्यातल्या एका रंगाऱ्याला हात धुवायचे होते, म्हणून त्याने ते दार उघडलं. बस, एवढंच झालं. संध्याकाळी मी दूधपोळी घेऊन गेले तर न्हाणीघरात बादली होती, तांब्या होता, मनी नव्हती.

आता शहाणी बाई काय करील? जिन्यात उभी राहून हाका मारील, चार घरी विचारील. मी दार लावलं, गादीचा गठ्ठा उचलून पाहिला, कपाटं पाहिली आणि मग खुर्चीत बसून विचार केला. तोच घात. मनीला बाहेरचं काही कळत नाही, म्हणजे ती आपण होऊन जाणार नाही. म्हणजे तिला कोणीतरी नेलं. रंगारी तर रिकाम्या हातांनी माझ्यासमोरून गेले. म्हणजे नेणारा इमारतीतलाच. आणि इमारतीतला असेल तर त्याला सावध करून चालणार नाही.

"अगं, खाली फळ्यावर लिहून लावू या," हे म्हणाले. "मांजर हरवले आहे म्हणून."

"मुळीच नको. चोर सावध होईल."

"चोर? मांजराचा?"

"हळू बोला. भिंतीपलीकडे ऐकू जातं."

"मग काय करणार आहेस?"

"पाळत ठेवणार."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग पेपर उघडला. संसार मोडायचा नसेल तर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

लेक दिवाळीला येणार, चपला काढायच्या आधी "मनी कुठाय?" विचारणार, हे मला जागेपणी दिसायचं. फराळाचं करायला घेतलं की चकलीचा सोऱ्या हातात आणि कान जिन्याकडे. इमारतीत कोणी नुसतं शिंकलं तरी मला ते म्याँव वाटायचं. आणि त्या काळात मी एकूण एक माणसाकडे असं काही बघत होते, की समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी मला विचारलं, "वहिनी, डोळे आलेत का?"

मग मला विरजणाची युक्ती सुचली. हिचा मला त्या वेळी फार अभिमान होता. ज्या घरात मांजर लपवलेली असेल त्या घरात दूध उरणार नाही. दूध उरलं नाही की दही लागणार नाही. दही नाही तर विरजण कुठून असणार? म्हणजे घरोघर विरजण मागायचं. ज्या घरी मिळणार नाही, तिथे मनी.

मनीचीच स्टीलची वाटी घेतली आणि निघाले. समोरच्या आजोबांच्या सूनबाईंनी आंबटढाण विरजण दिलं, त्या निर्दोष. तिसऱ्या मजल्यावर मिळालं, पहिल्या मजल्यावर मिळालं. प्रत्येक घरी वाटी पुढे करताना माझी मान आतल्या खोलीकडे वळायची. पहिल्या मजल्यावरच्या मुलीने तर "काकू, बाथरूमला जायचंय का?" असं विचारलं. इकडे आणलेलं विरजण वाया कसं घालवायचं, म्हणून मी रोज दही लावत गेले. रोज कढी. ह्यांनी बरेच दिवस ती भुरकली. मग एकदा पानावर बसून विचारलं, "चोर सापडेपर्यंत कढीच का?"

राहता राहिली तळमजल्यावरची बाई. ती येवल्याची. माझ्याहून थोडी मोठी. नवरा गेल्यावर पावसाळ्यात मुलाकडे राहायला आलेली. मुलगा कामाला सिन्नरला, दिवसभर घरात ही एकटी. दार कायम बंद. पडदे ओढलेले. दिवसाढवळ्या दार लावून बसणाऱ्या बाईचं काय असतं एवढं आत? मला तर ती आल्या दिवसापासून संशयास्पद वाटत होती, असं मी ह्यांना सांगितलं. "आल्या दिवशी तू तिला डब्यात थालीपीठ दिलंस," हे म्हणाले. त्याचा इथे काही संबंध नव्हता.

मी गेले ती दिवे लावायच्या वेळेला. त्या वेळी सगळ्यांची दारं जरा किलकिली असतात. तिचंही होतं. वाटी पुढे केली.

तिने वाटीकडे पाहिलं, बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं. "दिवेलागणीला विरजण देत नसतात वहिनी. सकाळी या." आणि दार लावलं.

आता तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत हे मला का माहीत नव्हतं? माझ्या सासूबाईंनी साक्षात सख्ख्या जावेला त्या वेळी परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी स्वतः कधी दिलं नव्हतं. पण डोक्यात एकदा संशय बसला की माणसाला आपल्याच घरची रीत दुसऱ्याने पाळली तर ती सबब वाटते. मी जिना चढत मनाशी म्हणत होते, सापडली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दाराबाहेर चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून खाली वाकले, आणि आतून आवाज आला. अगदी लाडाचा. "हळू गं बाई, हळू. नखं लावू नकोस. बघ कसं मऊ हाय."

दुसरं कोण असणार? मनीच. ह्यांना मनमाडला फोन लावावा असंही मनात आलं, पण आमच्या घरी फोन नव्हता आणि ज्यांच्या घरी होता त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास नव्हता.

आतापर्यंत मला कळलं होतं की ती घरातून पैठण्या विकते. दिराचे माग येवल्यात, तो विणतो, ही इथे ओळखीपाळखीत दाखवते. म्हणजे आत शिरायला वाट होती. लेकीच्या दिवाळसणाला पैठणी बघायची आहे, असं म्हणायचं. आत गेलं की मनीला वास देऊन बाहेर काढायचं. मांजराला कशाचा वास सोडवत नाही? मासळीचा. आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत शेगडी नेऊन उकडलं जायचं, पण मी डोक्यावरून पदर घेऊन बाजारात गेले आणि सुकी मासळी विकणाऱ्या बाईंकडे एक बोंबील मागितला.

"एक?" त्या म्हणाल्या.

"एकच."

"खायला का नवस फेडायला?"

तो कागदात गुंडाळून मी कमरेला खोचला आणि पैठणी बघायला गेले.

तिने जमिनीवर पांढरीशुभ्र चादर अंथरली. आधी तांब्या पुढे करून मला हात धुवायला लावले, मग एकेक घडी उलगडायला लागली. मोरपिशी, राणी, वांगी रंगाची. पदरावर मोर असे की आत्ता मान वळवतील. माझं लक्ष पलंगाखाली. मी जरा पुढे सरकायची, कमरेशी कागद मोकळा करायची, आणि ओठांतल्या ओठांत "मनी, मनी" म्हणायची. ती बाई एकदा थांबली, हवेत नाक वर करून पाहिलं, उठून खिडकी उघडली आणि परत येऊन बसली.

मी राणी रंगाच्या पदरावर हात ठेवला तशी ती म्हणाली, "हळू गं बाई. बांगड्या वर घ्या. नखं लावू नका, रेशीम ओढतं. बघा कसं मऊ हाय."

तेच शब्द. तोच लाडाचा सूर. माझा निम्मा खटला तिथेच कोसळला. त्या दिवशी आत कोणी पोरसवदा गिऱ्हाईक असणार; कोणाही गिऱ्हाइकाशी ती असंच बोलत होती. आणि जिच्या घरात हे रेशीम पसरलेलं, ती बाई मांजर सोडा, चिमणीसुद्धा आत येऊ देणार नाही. म्हणून तर दार बंद, पडदे बंद. सगळ्या इमारतीत मांजर लपवणं जिला शक्यच नव्हतं, नेमकं तिलाच मी धरलं होतं. मी घाईघाईने उठायला गेले, आणि कमरेतला कागद सुटला.

बोंबील चादरीवर पडला. पदरावर नाही पडला, देवाची कृपा, वीतभर अलीकडे. ती बोंबलाकडे बघत राहिली, मी मोराकडे.

"हे काय वहिनी?"

"औषध आहे," मी म्हणाले. "कमरेचं."

"बोंबील हाय हा."

त्यावर मी चक्क रडायला लागले. पन्नाशीची बाई, पैठण्यांच्या मधोमध बसून, नाक ओढत. "माझी मांजर हरवलीये हो. मुलगी परवा येणार. तिला काय सांगू?"

तिने दोन बोटांनी बोंबील उचलून कागदात बांधला, आधी साड्या लांब केल्या आणि मग माझ्याकडे वळली. "कशी हाय मांजर? पांढरी? कानावर काळं?"

मी मान हलवली.

"ती तुमची? ती गच्चीवर हाय की. टाकीच्या मागं. मी साड्या वारं खायला नेते वर, तर ही बया पदराशी खेळाया येते. तिच्यापायी वर जाणं सोडलंय मी. वरच्या मजल्यावरच्या पोरी तिला भात घालत्यात. सगळ्यांना वाटलं, रस्त्यावरची असंल."

सगळ्यांना. म्हणजे साऱ्या इमारतीने माझी मनी पाहिली होती. ती माझी आहे हे मात्र कोणाला माहीत नव्हतं, कारण आधी मी ती कोणाला दाखवली नव्हती, आणि नंतर हरवल्याचं सांगितलं नव्हतं. आपल्याच इमारतीच्या गच्चीवर मी एकदाही चढले नव्हते. चोर गच्चीवर कशाला राहील?

आम्ही दोघी वर गेलो. मुलं खाली लवंगी फटाके उडवत होती, आणि मनी टाकी आणि कठडा यांच्या फटीत अंग चोरून बसली होती. मी मोठ्या रुबाबात बोंबील पुढे केला. तिने वास घेतला, शिंकली आणि आणखी आत सरकली. जन्मभर दूधपोळी खाल्लेलं जनावर, त्याला बोंबील काय माहीत? शेवटी मी धावत खाली जाऊन वाटी आणि चमचा आणला. तीच वाटी. इतके दिवस ती हातात घेऊन मी घरोघर हिंडले होते, पण चोर सावध होईल म्हणून एकदाही वाजवली नव्हती. चमचा वाजला आणि मनी फटीतून बाहेर आली, धुळीने करडी झालेली, आणि माझ्या पायावर डोकं घासायला लागली. येवल्याची बाई दोन पावलं मागे सरकून पदर सावरून उभी होती.

दोन दिवसांनी लेक आली. चपला काढायच्या आधी विचारलंच, "मनी कुठाय?" मनी सोफ्यावर होती. "वाळलीये जरा," लेक म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की संशय कोणाकडून घेतलाय हे कळावं. ह्यांनी कढीचा विषय काढायला तोंड उघडलं होतं. मी त्यांच्या पानात करंजी वाढली.

भाऊबीज झाल्यावर मी भर सकाळी, चांगलं ऊन असताना, वाटीभर गोड दही घेऊन तळमजल्यावर गेले. तिने दार उघडलं, दही पाहिलं आणि हसायची थांबेना. मग म्हणाली,

"विरजण मागाया आलात, पैठणी बघाया आलात, मांजर मागाया तेवढं आला नाय वहिनी. या आत, चहा टाकते. पण आधी तुमची कंबर दाखवा."