तांबड्या भिंतीची खोली

भोरमध्ये फ्लेक्सची छपाई सुरू झाली आणि माझ्या वडिलांच्या हातचं काम गेलं. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, टेम्पोच्या मागच्या फळीवरच्या, जयंतीला आमच्या उत्रोलीतल्या कमानीवरच्या. शेवटची पाटी त्यांनी एका रद्दीवाल्याला रंगवून दिली आणि बदल्यात त्याच्याकडचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सायकलला बांधून आणलं. "लगदा झाला असता त्याचा," एवढंच म्हणाले.

ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं आणि पुढे खणून काढलेलं एक जुनं रोमन शहर, त्यातल्या भिंतींवरची चित्रं त्यात होती. पणजोबांच्या काळात कधीतरी छापलेलं असावं. कातडी पुठ्ठा ओलीनं फुगला होता, पण आतली रंगीत पानं शाबूत होती. प्रत्येक चित्रावर झिरझिरीत कागद. वडील हात धुऊन तो कागद उचलायचे आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहायचे. मी तेव्हा मार्गासनीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले, की चित्राखालचा मजकूर त्यांना मराठीत सांगायचा, हे माझं काम झालं.

त्याच वर्षी हिवाळ्यात आईचं उजवं अंग अर्धांगानं गेलं. आतल्या खोलीत खाटेवर ती पडून असायची. अंग पुसणं, मऊ भात भरवणं, सगळं वडीलच करायचे. एक दिवस म्हणाले, "हिनं दिसभर नुसते वरचे पत्रे बघायचे व्हय? ह्या भितीवर बाग काडतो."

पुस्तकातलीच बाग होती ती. तांबडीभडक भिंत आणि तीवर डाळिंबाची झाडं, दगडी कुंडाच्या काठावर पाणी पिणारी पाखरं. वडिलांनी गेरू आणि रंग धरायला सरस कालवला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या हातात ब्रश आला होता. काम करताना शीळ घालायचे.

आईची जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळायचं. "ही घरं कुनाची?" पुस्तकातली चित्रं बघत तिनं विचारलं.

"जुन्या लोकांची," मी सांगितलं.

"मग ती मानसं कुठं गेली?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "गेली दुसरीकडं ऱ्हायाला."

एका सुट्टीच्या दुपारी पुस्तक खाटेवरच राहिलं. डाव्या हातानं पानं उलटत आई शेवटाला पोचली होती. तिथं रंग नव्हता, काळी रेखाचित्रं होती. राखेत माणसं कुजून गेली, त्यांच्या जागी पोकळी उरली. त्या पोकळीत प्लास्टर ओतून काढलेले देह. एकानं गुडघे पोटाशी घेतले होते, हात तोंडावर आडवा धरला होता.

"ह्ये काय?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मिट ते."

त्यानंतर काही दिवसांनी वडील विहिरीवर गेलेले असताना तिनं मला जवळ बोलावलं. "तांबडं लई हाय गं. डोळं मिटलं तरी दिसतंय. आपन बी त्येच्यातच गाडलोय असं वाटतंय."

"बाबांना सांगू?"

"न्हाई. लई दिसांनी बुरुश धरलाय त्यांनी. सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. पावसाळा लागला, भिंतीला ओल आली, रंग वाळेना. गेरूतून पांढरा खार फुटायला लागला. वडील तो फडक्यानं पुसून पुन्हा रंग भरायचे. आई श्रावणात गेली, तेव्हाही एक झाड अर्धंच होतं.

माती देऊन झाल्यावर भेटायला बाया आल्या त्या आतल्या खोलीतच बसल्या, भिंतीला टेकून. उठल्या तर प्रत्येकीच्या पाठीला तांबडं लागलेलं. एकीनं दुसरीची पाठ झटकली, तसं ते आणखीच पसरलं. वडील दारात उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याच्या तुकड्यानं भिंत खरवडायला घेतली.

"बाबा, एखादं पाखरू तरी ठेवा," मी म्हणाले. ते थांबले नाहीत. वर चुना मारला. पुस्तक माझ्या कपाटात ठेवायला दिलं, पुन्हा कधी मागितलं नाही.

भात झोडपून झाल्यावर एकदा आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. ते आपणहून म्हणाले, "तिला ते चित्र आवडत नव्हतं."

"आईनं सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तिची कूस बदलाय गेलो, की भितीकडं तोंड नको म्हनायची. माजं मनगट धरून ठिवायची."

"मग थांबला का नाहीत?"

ते अंगणात पसरलेल्या भाताकडे बघत होते. "थांबलो असतो, तर दिसभर तिच्याकडंच बघत बसाय लागलं असतं. ती जातीय, हे बघायचा दम न्हवता माज्यात."

मग मीही सांगितलं, की आईनं मला गप्प राहायला लावलं होतं, आणि का ते. त्यांनी ऐकून घेतलं. ते उठले आणि उन्हातलं भात पायानं खालीवर करायला लागले.