‘ठीक हाये’ म्हणलं तर मागू काय?

परतूर स्टेशनच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्यांत मालनबाई शिरसाट राहतात. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी जालन्याच्या एका मिशन दवाखान्यात आया म्हणून काम केलं. आता गुडघे गेलेत. चर्चच्या पाच पायऱ्या चढायला दोघींचा आधार लागतो. तोंड मात्र कुणाच्या आधाराशिवाय चालतं.

तीन वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीतला भारत आणि त्याची बायको संध्या मेळघाटातल्या एका कोरकू गावात मिशनरी म्हणून निघाले. संध्या नर्स. तिथं छोटा दवाखाना चालवायचा आणि कुणी विचारलं तर येशूची गोष्ट सांगायची, असं ठरलं होतं. निरोपाच्या रविवारी कुणी भांडी दिली, कुणी गोधडी. मालनबाई म्हणाल्या, "माझ्याकडं द्यायला काही न्हाई. रोज अकराला तुमच्यासाठी प्रार्थना करीन." भारतनं मान डोलावली. असं सगळेच म्हणतात, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

महिन्याभरानं मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला: ‘प्रभूच्या कृपेने सर्व ठीक. प्रार्थनेत आठवण असू द्या.’ शेजारच्या भावना मॅडमनी तो वाचून दाखवला. मालनबाईंनी फोनच लावायला सांगितला.

"सलाम, मावशी," भारत म्हणाला.

"सलाम. ठीक म्हंजे काय रे? वॉर्डात पेशंट ‘ठीक हाये’ म्हणायचा, अन् चादर उचलली की ही एवढी जखम निघायची. मी रोज अकराला बसून राह्यले. देवाला नेमकं काय मागू?"

भारत हसला. काही तरी सांगायचं म्हणून म्हणाला, "मौजीबाबा म्हणून एक म्हातारे हायेत. त्यांचं कुत्रं मला दारापुढून जाऊच देत न्हाई. इथं कुत्र्याला सिटा म्हणतात."

दुसऱ्या दिवसापासून अकराच्या प्रार्थनेत सिटा आला. ‘प्रभू, त्या सिट्यानं आमच्या भारतला चावू नये.’ आठवड्यानं भारतनं कळवलं, कुत्रं अजून भुंकतंच. मालनबाई फणकारल्या, "चावू नये म्हणून मागितलंय. भुंकू दे की, त्याचं कामच हाये ते."

हळूहळू भारत खरं सांगायला लागला. आणि एका सकाळी, रेंज मिळते त्या टेकडीवरून, त्यानं सगळंच सांगितलं.

"मावशी, दवाखान्यात कुणी येत न्हाई. संध्या चार दिवस झाले माझ्याशी बोलली न्हाई. नाताळ झाला की परत येऊन राह्यलो आम्ही. मंडळीला सांगू नका."

भावना मॅडमना वाटलं, आता मावशी बायबलातली वचनं ऐकवणार. पण मालनबाई एवढंच म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलं. संध्याला दे."

टेकडीवरच जरा लांब बसलेली संध्या फोनवर आली आणि रडायलाच लागली. "बाया येतात, दारात उभ्या राहतात. मी मराठीतून विचारते. त्या एकमेकींकडं बघतात अन् निघून जातात. त्यांची भाषा माझ्या जिभेवर बसतच न्हाई."

"मंग आपण जिभेसाठी मागू," मालनबाई म्हणाल्या. "मंडळीला काय सांगायचं ते तू सांग. तू न्हाई म्हणलीस तर मी गप."

संध्यानं नाक पुसलं आणि म्हणाली, "जिभेचं सांगा."

त्या गुरुवारी मालनबाईंच्या खोलीत सात जणी जमल्या. त्यांतल्या झुंबरबाईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली ती देशाचे पुढारी, सगळी राष्ट्रं, समुद्रावरचे प्रवासी अशी पसरतच गेली. मालनबाईंनी मध्येच त्यांचा हात दाबला. "झुंबरबाई, जग राहू द्या. आज फक्त संध्याची जीभ." डोळे मिटलेल्या सातही जणी खुदकन हसल्या आणि मग मनापासून मागायला लागल्या. त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. संध्या दर आठवड्याला पाच नवे शब्द पाठवायची. भावना मॅडम ते वाचायच्या आणि बाया ते घोकत प्रार्थना करायच्या. पाण्याला ‘डा’ म्हणतात हे झुंबरबाईंनी एवढं पाठ केलं, की घरी नातवाकडं त्यांनी ‘डा’च मागितला.

संध्यानं गावातल्या बायांना हे सांगितलं: दूर परतूरला सात म्हाताऱ्या तुमची भाषा शिकून राह्यल्या, माझी जीभ वळावी म्हणून. बाया पोट धरून हसल्या. मग दवाखान्यात येऊन शब्द दुरुस्त करून द्यायला लागल्या. एक दिवस मौजीबाबांची बायको आली आणि म्हणाली, त्या सातांतल्या म्होरक्या म्हातारीशी मला बोलायचंय. संध्या तिला टेकडीवर घेऊन गेली.

दहा मिनिटं दोघी बोलल्या. ती कोरकूत, मालनबाई परतूरच्या बोलीत. कुणाला काय कळलं, देव जाणे. फोन ठेवल्यावर मालनबाई म्हणाल्या, "तिचेबी गुडघे दुखतात."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या पोटुशी सुनेला घेऊन दवाखान्यात आली. संध्यानं तपासलं तर सुनेच्या अंगात रक्त फार कमी होतं. तिला वेळेत तालुक्याच्या दवाखान्यात नेता आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्यानंतर दवाखान्याच्या ओट्यावर बसायला जागा पुरेनाशी झाली. संध्याकाळी कुणी कुणी येशूची गोष्ट ऐकायलाही थांबायचं. नाताळ आला आणि गेला. परत येण्याचं नाव दोघांनी काढलं नाही.

मे महिन्यात दोघं सुट्टीवर परतूरला आले. पाळकसाहेबांनी उपासनेत भारतला दोन शब्द बोलायला सांगितले. तो म्हणाला, "आम्ही तिथं टिकलो ते आमच्या हिमतीवर न्हाई. कुणीतरी रोज आमचं नाव घेऊन, आमची अडचण नेमकी सांगून देवापुढं बसतंय, हे माहीत होतं. खोटं ‘ठीक’ लिहायची सोयच राहिली न्हाई."

गुरुवारी सगळ्या जणी मालनबाईंच्या खोलीत जमल्या. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि बाजारातून आणलेलं कलिंगड होतं. संध्यानं गावातल्या बायांनी बांधलेलं कोरकू भजन म्हणून दाखवलं. झुंबरबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला, मालनबाईंनी पहिलीच ओळ चुकीची उचलली, आणि बाकीच्यांनी ती तशीच मोठ्यानं म्हटली.