हात मागे

"आधी ते पान पुसून घ्या," मोठ्या बाई मला म्हणाल्या.

पान चित्रांच्या पुस्तकाचे होते. त्याला बोट लावणारी कुंदा चार वर्षांची. मोठ्या बाईंनी तिचे मनगट धरून हात वर उचलला होता, पाहुण्या बायकांना दिसेल असा. "बघा. तीनदा धुवायला लावलं, तरी हे असं."

कुंदाची बोटे टोकांना तपकिरी होती. एक पाहुणी "अगं बाई" म्हणाली. दुसरीने पर्समधून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. त्याला अत्तराचा वास होता.

मी पुसले. त्या गुळगुळीत पानावर डाग नव्हताच. तरी पुसले. दोनदा.

तो रंग मळाचा नव्हता, हे मला ठाऊक होते. आमच्या वस्तीत घरोघर बिड्या वळत. आया पाने कापीत, तंबाखू भरीत, आणि वळलेल्या बिडीचे तोंड मुडपून बंद करायला पोरींना बसवीत, कारण बारीक बोटांना ते चांगले जमते. तंबाखू कातडीत मुरतो. साबणाने जात नाही. माझीही बोटे कित्येक वर्षे तशीच होती. मॅट्रिकच्या परीक्षेत डावा हात मी बाकाखाली लपवून बसले होते.

एवढेच सांगायचे होते मोठ्या बाईंना. एकच वाक्य. ते न सांगता मी रुमालाची घडी घालून पाहुणीला परत दिली.

माझ्या आईवडिलांनी दीक्षा घेतली, त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी माझा जन्म. वस्तीतली पहिली मॅट्रिक मुलगी मी. रुळांपलीकडच्या एका महिला मंडळाने आमच्या विहाराच्या ओसरीत बालवाडी काढली, तेव्हा मला मदतनीस नेमले. शिक्षिका नव्हे. शिकवायचे मात्र मीच. मोठ्या बाई मंडळाच्या अध्यक्ष. पाहुणे येत त्या दिवशी त्या सात पुस्तके पिशवीतून आणीत आणि जाताना मोजून नेत. पुस्तक उघडले की शाईचा, डिंकाचा ताजा वास सुटे आणि मुले नाकपुड्या फुगवून तो आत ओढीत. हात लावायचा नाही, हा नियम. "हात मागे," मी म्हणायची. तीस मुले पाठीमागे बोटे गुंफीत, माना पुढे काढीत. पुस्तक मी दोन हात लांब धरायची. आवाज माझाच होता तो. दुसऱ्या कुणाचा नाही.

कुंदाला बटणाचे पुस्तक आवडे. त्यातली मुलगी झग्याचे बटण लावू पाहते. निसटते. पुन्हा लावते. पुन्हा निसटते. प्रत्येक पानाखाली एकच ओळ: पुन्हा एकदा. शेवटच्या पानावर बटण लागते. "यातून यांना चिकाटी शिकवा," मोठ्या बाई म्हणत. "बोटांना वळण लागेल. या मुलांत तेच कमी असतं." दुपारभर बिड्यांची तोंडे मुडपणाऱ्या बोटांना वळण! कुंदाच्या स्वतःच्या झग्याला सेफ्टी पिन होती. चित्रातले लाल बटण खरेच हाताला लागते का, एवढेच तिला बघायचे होते.

दुपारी तिची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"काहून वं पोरी, माह्या लेकीच्या हातात काय खोट हाये? राखेनं घासून पाठवली होती मी तिले. तुह्या मायनं बिड्या करूनच तुले शिकवली ना? मंग बोलली काहून नाही?"

"नोकरी जाईन, काकू."

"जाईन तं जाईन," ती हसली. "जीभ तं राहीन."



दुसऱ्या सकाळी कुंदा नळापाशी उकिडवी बसलेली दिसली. हातात विटेचा तुकडा. ती बोट घासत होती. कातडी सोलली होती, आतले गुलाबी दिसत होते, पाण्यात बारीक लाल धागा वाहत होता. ती रडत नव्हती. प्रत्येक घासण्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "पुन्हा एकदा. पुन्हा एकदा."

"कुंदे, काय करून राहिली?"

"हात पांढरे करून राहिली, बाई. मंग पुस्तक देसान ना?"

चिकाटी शिकली होती ती. मी शिकवली होती.

पुढच्या खेपेला पाहुणे आले. मुले बसली. "हं, म्हणा," मोठ्या बाई म्हणाल्या. मी म्हटले नाही. पण मुलांना आता सांगावे लागत नव्हते. पुस्तक दिसताच साठ हात आपोआप मागे गेले.

मी बटणाचे पुस्तक उघडून कुंदाच्या मांडीवर ठेवले. म्हणाले, "हिच्या बोटांवर तंबाखूचा रंग आहे. माझ्याही होता. आजपासून मुले पुस्तक हातात घेतील."

"आम्ही जात मानत नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "स्वच्छतेचं बोलतोय. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत तेच काढता."

जातीचे नाव मी घेतलेच नव्हते.

"घे, कुंदे. उलट पान," मी म्हणाले. तिने चित्राकडे पाहिले. मग मोठ्या बाईंकडे. हात बाहेर आले नाहीत. मी तिच्या मागे जाऊन बसले. बोटे एकमेकांत इतकी घट्ट रुतली होती की पेरे पांढरी पडली होती. एक बोट सोडवू पाहिले, तर तिने आणखी आवळले. पुस्तक मांडीवरून घसरले. मोठ्या बाईंनी ते उचलून पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी ओसरीत दुसरी मदतनीस होती. कुंदा पुन्हा बालवाडीत गेली नाही. तिचा हात पानावर टेकलेला मी कधीच पाहिला नाही. त्याबद्दल सांगण्यासारखे चांगले काही माझ्यापाशी नाही.

लग्न होऊन मी कन्हानला आले. इथे मी खाणकामगारांची मुले घेऊन बसते. त्यांच्या हातांना कोळसा असतो. जमवलेली पुस्तके मी आधी जमिनीवर पसरते, मग मुलांना हाक मारते. पाने काळी होतात. फाटतात. एखादे मूल कोपरा चावून बघते. लोक सांगतात, जुने विसरा, त्या बाईंचा हेतू चांगला होता. असेल. पण माझ्या दारात उभे राहून कुणी मुलांचे हात तपासू लागले, तर मी त्याला बाहेर काढते. मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात. हेतू विचारत नाही.