तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि दोन पिशव्या बर्फ

उन्हाळ्यात वाळवंटातल्या कॅन्यनमध्ये उतरायचं तर पाठीवर काय घ्यावं, असं चँडलरला नवी आलेली पोरं मला अजून विचारतात. मी म्हणतो, आधी मीठ घ्या. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, भिजवून मानेभोवती गुंडाळायला ओढणी, पायांची नखं कापून मग घालायचे वापरातले बूट, जीन्स अजिबात नाही, हे सगळंही सांगतो. पाण्याचं तर कुणीही सांगतं. पण मिठाचं सांगताना माझा आवाज चढतो. बायको आतून म्हणते, झालं याचं सुरू. झालं तर झालं. मी ते विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

आम्ही दोघं नागपूरचे. २००२ साली मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून अमेरिकेत चँडलरला आलो. तिथे बारा-तेरा मराठी कुटुंबांचा एक गट होता आणि त्याचे सर्वेसर्वा एक काका होते. पुण्याचे, पन्नाशीतले, वीस वर्षं अमेरिकेत मुरलेले. मोठ्या मनाचे म्हणून प्रसिद्ध. नव्या माणसाला एअरपोर्टवरून आणणार, गाडी शिकवणार, जुनं फर्निचर देणार. आम्हालाही त्यांनी एक सोफा दिला. तो पोचवायला स्वतः घरी आले, हॉलमधले फोटो पाहिले, आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना कळलं, आणि कपात ओतलेला चहा तसाच ठेवून "आत्ताच घेऊन आलोय" म्हणत निघून गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीला पॉटलक होतं. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करून आणायचा. बायकोनं पाटवडीचा रस्सा केला. सकाळपासून खपत होती. काकांच्या घरी तिनं टेबलावर भांडं ठेवलं, तसं काकांनी ते दोन्ही हातांनी उचललं, "हे तिखट असेल, मुलांच्या हाताला लागायला नको" म्हणाले आणि कपडे धुवायच्या मशीनवर नेऊन ठेवलं. झाकण कुणी उघडलंच नाही. भरलेलं भांडं आम्ही मांडीवर घेऊन परत आलो. तिनं तो रस्सा टाकला नाही. दोन दिवस एकटीच खात राहिली, मलाही वाढला नाही.

त्यानंतर दर पॉटलकच्या आधी काकांची एक्सेलची यादी ईमेलवर यायची. कुणापुढे श्रीखंड, कुणापुढे मसालेभात. आमच्या नावापुढे पेपर प्लेट्स आणि बर्फ. पुढच्या वेळी बर्फ आणि पाण्याच्या बाटल्या. दुकानातून आणलेलं, सीलबंद, ज्याला आमच्या घरातला चमचा लागलेला नाही असं. एकदा मी कळवलं, आम्ही भाजी आणतो. उत्तर आलं, "अहो, तुम्ही नवीन आहात, कशाला त्रास?" आमच्यानंतर आलेली मुंबईची एक मुलगी तोवर दोनदा श्रीखंड आणून चुकली होती. इतरांना ते अरेतुरे करायचे, आम्हाला अहोजाहो. याला कुणी अपमान म्हणेल का? तीच तर त्यांची हातोटी होती. बायकोनं जायचं बंद केलं. मी मात्र जात राहिलो. मला एकदा तरी त्या माणसाला खाली मान घातलेलं बघायचं होतं, त्यासाठी मी कितीही बर्फ वाहायला तयार होतो.

२००४ च्या जूनमध्ये काकांनी कॅन्यनची ट्रिप काढली. ईमेलमध्ये सामानाची यादी होती आणि तिच्यात पाणी हा शब्द ठळक अक्षरांत तीनदा. "भरपूर पाणी प्या, बाकी काही लागत नाही." आमच्याकडे अर्थातच पाणी आणि बर्फ. मला हसू आलं. नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल पुण्यानं शिकवावं! माझे वडील भट्टीवर काम करायचे. मे महिन्यात आई त्यांच्या डब्यात मीठ जरा जास्त घातलेल्या पुऱ्या द्यायची, कारण भट्टीवर नुसतं पाणी पीत राहिलेला माणूस कसा आडवा होतो हे आमच्या अख्ख्या वस्तीनं पाहिलेलं होतं.

बायकोला मी म्हटलं, आईसारख्या पुऱ्या कर. ती म्हणाली, "तू जातोस तरी कशाला तिथं?"

"पाणी पोचवायला."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिखट, मीठ, ओवा, तीळ घालून पीठ भिजवलं. वर एक पिशवी शेंगदाणे मिठाच्या पाण्यात घोळवून भाजून दिले.

बाकीची मंडळी पोराबाळांसकट वर कड्यावरच थांबली. खाली उतरलो आम्ही चौघं: काका, ती मुंबईची मुलगी, तिचा नवरा आणि मी. त्या दिवशी संकष्टी होती आणि काकांचा उपवास. त्यांच्या पिशवीत दोन केळी, थोडे खजूर आणि मी आणलेल्या पाण्याच्या आठ बाटल्या. "उपवासाला उलट हलकं वाटतं," असं ते उतरताना दोनदा म्हणाले. पहिल्या विसाव्याला मी शेंगदाण्यांची पिशवी फिरवली. दोघा नवरा-बायकोनं मूठ मूठ घेतले. काकांनी हात मागे घेतला. "नको, उपवास आहे."

"काका, शेंगदाणे चालतात की उपवासाला!" मुलगी म्हणाली.

"नको गं, पोट जड वाटतंय."

आत्ताच हलकं वाटत होतं. मी पिशवीची गाठ मारली.

उतरायला मजा येते म्हणून आम्ही ठरल्यापेक्षा बरंच खाली गेलो आणि परत फिरलो तेव्हा सावली संपली होती. चढावर दगडांतून वाफ यावी तशी उष्णता येत होती. काका दर वळणावर बाटली तोंडाला लावायचे. सातवी संपली तेव्हा ते वाटेत बसले आणि ओकले. डोकं दुखतंय म्हणाले. बोटं सुजून अंगठी कातडीत रुतली होती. मग त्यांनी मुंबईच्या मुलीला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, तेव्हा आम्ही तिघंही घाबरलो. तिचा नवरा मदत आणायला वर पळाला. आम्ही काकांना एका खडकाच्या सावलीत टेकवलं. ती आठवी बाटली उघडायला लागली, तशी मी तिच्या हातातून काढून घेतली.

"पाणी नको. पाण्यानंच झालंय. अंगातलं सगळं मीठ गेलंय यांच्या."

मग मी पुऱ्यांचा डबा काढला आणि झाकण न उघडता मांडीवर ठेवला. इथे मी खोटं सांगणार नाही. मी लगेच उघडू शकलो असतो. मी मिनिटभर थांबलो. ते मिनिट मला हवं होतं, दोन वर्षं हवं होतं.

"काका," मी म्हटलं, "पोटात मीठ गेलं पाहिजे. माझ्याकडे शेंगदाणे आहेत आणि पुऱ्या आहेत. दोन्ही आमच्या घरचं. माझ्या बायकोनं स्वतःच्या हातानं केलेलं. चालेल का?"

त्यांनी ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "संकष्टी..."

"शेंगदाणे उपवासाला चालतात, काका. सकाळीही चालत होते."

मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. प्लेट्स, बर्फ, पाणी, सगळं तिच्या डोक्यात जुळताना मला दिसलं. तिची मान खाली गेली. मला तिची नको होती.

"दे," काका म्हणाले.

"काय देऊ?"

"पुरी दे रे."

मी दिली. एक, मग थोड्या वेळानं दुसरी, अशा चार पुऱ्या त्यांनी खाल्ल्या आणि ओंजळभर शेंगदाणे. मिशीला तीळ चिकटले होते. मला दया आली नाही. मला इतकं बरं वाटलं की अंगावर काटा आला, त्या उन्हातसुद्धा. ते नाही म्हणाले असते तर मी डबा पिशवीत ठेवून दिला असता का? या प्रश्नाचं उत्तर मी आजवर स्वतःला दिलेलं नाही.

तासाभरानं मदतीला पार्कचा रेंजर आला तेव्हा काका भानावर होते. त्यानं नाडी बघितली, रिकाम्या बाटल्या मोजल्या आणि विचारलं, यांना खायला काय दिलं? मी सांगितलं, खारट पुऱ्या, माझ्या बायकोनं केलेल्या. तो काकांकडे वळून म्हणाला की वर पोचलात की पहिला फोन त्या बाईंना करा. काकांनी मान हलवली. मी ती हलताना पाहिली.

घरी येऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

"चार?"

"मोजून चार."

"मीठ जास्त नव्हतं झालं?"

"त्यांना तर नाही वाटलं."

ती हसली. मग तिनं विचारलं, "फोन करतील ते?"

मी म्हटलं, करतील की, रेंजरसमोर मान हलवली आहे. त्या आठवड्यात ती भाजी चिरताना फोन शेजारी घेऊन बसायची. बाहेर गेली तर आल्यावर आधी आन्सरिंग मशीन बघायची. फोन आला नाही. आला तो गटाला ईमेल. "परवा मला उन्हाचा थोडा त्रास झाला, सर्वांनी मदत केली, आभार. कॅन्यनमध्ये जाताना भरपूर पाणी प्यावे." ते वाचून मी टेबलावर मूठ आपटली. तिनं फोन उचलून जागेवर ठेवला.

अडीच महिन्यांनी गणपतीच्या पॉटलकची यादी आली. मी शेवटची ओळ बघितली आणि ओरडलोच. आमच्या नावापुढे पहिल्यांदा पदार्थ होता: तिखट-मिठाच्या पुऱ्या, पन्नास. मी तिला हाताला धरून कॉम्प्युटरपुढे आणलं. म्हटलं, बघ, जिंकलो आपण. वाकवलं त्यांना.

तिनं ओळ वाचली. "फोन आला होता का?"

"नाही."

"मग?"

तिनं मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि सगळ्या गटाला उत्तर लिहिलं. एकेक अक्षर शोधत, पण कुठेही न थांबता. "काका, पुऱ्या जमणार नाहीत. कॅन्यनमध्ये तुम्ही चार खाल्ल्यात त्याच शेवटच्या. आम्ही पेपर प्लेट्स आणि दोन पिशव्या बर्फ आणू, नेहमीप्रमाणे." वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. तेरा घरांत एकदम. मी दोन वर्षं मनात सूड घोळवला आणि शेवटी त्यांना खाऊ घालून बसलो. तिनं तीन ओळींत ताट काढून घेतलं.

दहा मिनिटांत फोन वाजला. काकांचा नंबर. मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी वाट बघत होते तेव्हा नाही वाजला. आता वाजू दे त्याला."

मशीनवर काकांचा आवाज आला, "अगं, जरा फोन घेतेस का..." तिनं मशीनचा आवाज बंद केला आणि पिठाचा डबा खाली काढला. संध्याकाळी आमच्याकडे तिखट-मिठाच्या पुऱ्या होत्या. मी सहा खाल्ल्या.