गोलकीपरची जर्सी

बिश्केकच्या बाजारात उंच किरगीझ टोपी घातलेल्या मांजराचा टी-शर्ट दिसला, तर तो सातीबाल्दीच्या हातचा समजावा. हा माणूस एकेकाळी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. पुस्तकं छापणाऱ्यांचा धंदा बसला, तसा तो झूराच्या शिवणकारखान्यात आला आणि मांजरांवर पोट भरू लागला. मांजर त्याला मुळीच आवडत नाही, पण ते कुणी विचारत नाही. हल्ली त्याला कुणी काहीच विचारत नाही.

दिवे मालवायची वेळ झाली तरी तो टेबलावरून हलायचा नाही.

"साके, घर विकलंत की काय?" झूरा ओरडायची. त्याच्या नावाचं मानाने तिने साके केलं होतं, पण जिभेला लगाम नव्हता.

घर होतं. त्यात बोलायला माणूस नव्हतं. बायको बुरुल गेल्या हिवाळ्यात गेली. मुलगा तालांत रशियात येकातेरिनबुर्गला. त्याचे कागद अडकले होते. एकदा बाहेर पडला असता तर परत शिरू दिलं नसतं, म्हणून तो आईच्या मातीला येऊ शकला नाही. सातीबाल्दी फोनवर म्हणाला, "आईला माती द्यायला ज्याला सवड नाही, त्याने माझ्याही मातीला येऊ नये." कागदांची गोष्ट खरी असल्याचं त्याला लवकरच कळलं. पण माफीचा शब्द काही तोंडातून फुटेना. फोन मुका झाला तो झालाच.

आणि अशात झूराकडे काम आलं. येकातेरिनबुर्गला राबणारी, सातीबाल्दीच्याच कोचकोर गावची पोरं दर रविवारी फुटबॉल खेळतात, त्यांना जर्सी हव्या होत्या. त्या संघात तालांतही आहे, हे सातीबाल्दीला गावाकडून कळलं होतं. झूराला तो काही बोलला नाही. जे तोंडाने जमलं नाही ते जर्सीवर काढायचं, एवढं मात्र त्याने ठरवलं.

बुरुल नमद्याचे, म्हणजे दाबून थापलेल्या लोकरीचे, गालिचे करायची. लाल आणि पांढरा नमदा एकावर एक ठेवायचा, वरून सातीबाल्दीने खडूने मेंढ्याची शिंगं काढायची, आणि तिने दोन्ही थर एकदमच कापायचे. लाल शिंगं पांढऱ्यात बसायची, पांढरी लालमध्ये. एका कापण्यात दोन गालिचे, जुळ्या भावंडांसारखे. बुरुलचा नियम होता की एक घरी राहील, दुसरा घर सोडून जाणाऱ्याबरोबर जाईल. तालांत निघाला तेव्हा त्याचा जोड तिच्या हातून अर्धाच झाला होता, तो गालिच्याविनाच गेला. सातीबाल्दीने तीच शिंगं जर्सीच्या छातीवर काढली.

संघाचा कप्तान उरमात याचा फोन आला. "चित्र झकास आहे हो, पण पोरं म्हणतात हा आजीचा गालिचा झाला! समोरच्यांकडे वाघ आहे. आम्हाला लांडगा द्या, दात दाखवणारा."

सातीबाल्दीने निमूटपणे लांडगा काढला. त्या लांडग्याचा त्याला इतका राग आला होता की दात फार छान उतरले. त्या संध्याकाळी झूराने काही म्हणायच्या आत तो उठून घरी गेला. आता मुलाला सांगायचा दुसरा मार्ग त्याला सुचत नव्हता.

दोन दिवसांनी उरमातचा पुन्हा फोन.

"लांडगा एकदम पसंत! पण एक शिंगांची पण करा. आमचा गोलकीपर हटून बसलाय. तालांत नाव त्याचं. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, आणि आता म्हणतो घालीन तर तीच. गोलकीपरची वेगळी असतेच, म्हटलं घे बाबा."

सातीबाल्दीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "चित्र कुणी काढलं, विचारलं त्याने?"

"छे. एवढंच म्हणाला, छापू नका, कापून करा. आणि कापताना दुसरी निघेल, ती चित्रवाल्याला द्या. घालायलाच सांगा म्हणाला, नुसती ठेवून देतील. मला तर काही कळलं नाही बुवा!"

झूरा कुरकुरली. छापणं हे चुटकीसरशी होणारं काम, एका जर्सीसाठी कापाकापी कोण करणार? "मी करतो," सातीबाल्दी म्हणाला. आजवर त्याने फक्त खडू धरला होता. बुरुलची सुरी त्याने घरून आणली. लाल आणि पांढरं कापड एकावर एक ठेवून तो हळूहळू कापत गेला. एका शिंगाचं टोक वाकडं गेलं, ते दोन्हीकडे वाकडं गेलं.

"मोठी गोलकीपरची," झूरा तुकडे जुळवत म्हणाली. "आणि ही दुसरी कुणाच्या मापाने शिवू?"

दोन्ही हात वर करून सातीबाल्दी तिच्यासमोर माप द्यायला उभा राहिला.